शिसे मऊ की गोळी सैल?

जुन्या लष्करी रायफलीसाठी घरच्या घरी शिसे वितळवून गोळ्या ओतायच्या, हा छंद अमेरिकेत अनेक जण मनापासून जोपासतात. कास्ट बुलेट असोसिएशन ही त्यांची संस्था १९७६ सालची. तिच्या स्पर्धांत लष्करी रायफलींचा गट वेगळा असतो. या मंडळींची मुख्य तक्रार मात्र संस्थेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. थोड्या फैरी झाडल्या की नळीच्या आत शिशाचा थर धरतो, गोळ्या नेमाबाहेर जाऊ लागतात आणि तो चिवट थर तारेच्या ब्रशने खरवडून काढावा लागतो. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: शिसे मऊ आहे, त्यात अँटिमनी घाला, गोळी कडक करा. हा सल्ला शंभर वर्षांहून जास्त काळ दिला जातो आहे आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. थर धरण्याचे कारण बहुधा शिशाच्या मऊपणात नसून गोळीच्या मापात असते. गोळी नळीत सैल बसलेली असते, आणि सैल गोळी कडक केली की ती नळीत नीट बसण्याची उरलीसुरली शक्यताही कमी होते.

हे पटवून घ्यायला आधी शिशाचा जुना कारभार पाहायला हवा. काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ साली काय पेटले हे शाळकरी मुलालाही माहीत असते, पण ती चरबी लावावीच का लागत होती, याकडे फारसे कोणी वळत नाही. १८५३ सालच्या एन्फिल्ड रायफलीत गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची होती. ती ठासता यावी म्हणून नळीपेक्षा थोडी बारीक ठेवावी लागे, आणि बारीक ठेवली की झाडताना नळीतले पीळ धरणार कसे, हा प्रश्न उभा राहत होता. फ्रान्सच्या मिनिएने काढलेला तोडगा असा, की गोळीचा तळ पोकळ ठेवायचा. मागून वायूचा दाब आला की मऊ शिशाचा घेर फुलतो आणि खाचांत घट्ट जाऊन बसतो. एन्फिल्डच्या गोळीत पुढे याच पोकळीत लाकडाची गुट्टी बसवली गेली. चरबी आणि मेण होते ते गोळी सहज सरकावी आणि काळ्या दारूची काजळी नळीत मऊ राहावी म्हणून. एवढे करूनही काजळी धरलेल्या नळीत गोळी अडकते, अशा तक्रारी आल्या, तेव्हा १८५९ साली गोळीचा व्यास ०.५६८ इंचावरून ०.५५ इंचावर आणला गेला. गोळी आणखी सैल झाली, तरी ती चालली, कारण शिसे शुद्ध आणि मऊ होते आणि फुलून उरलेली फट भरून काढत होते. म्हणजे त्या काळच्या कारागिरांच्या लेखी मऊपणा हाच शिशाचा गुण होता.

त्यानंतर आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ब्रिटिश लष्कराने ती १८७१ साली स्वीकारली. तिची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची, बारा भाग शिसे आणि एक भाग कथील अशा मिश्रणाची, आणि तिच्याभोवती पातळ कागद गुंडाळलेला असे. नळी आणि शिसे यांच्यामध्ये कागद, एवढीच ती व्यवस्था. हा कागद गोळी नळीबाहेर पडताच फाटून जातो. आजही जे हौशी लोक कागद गुंडाळून गोळ्या झाडतात त्यांना नळीसमोरच्या जमिनीवर त्याचे तुकडे सापडतात, आणि ते जळालेले नसतात. ही बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

मग प्रश्न येतो की शिसे एवढे कामाचे होते तर जगभरच्या लष्करांनी ते उघडे वापरणे सोडले का? माझ्या म्हणण्यावरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, म्हणून त्याला आधी उत्तर देतो. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने १८८२ साली गोळीला तांब्याचे आवरण चढवले. १८८४ साली पॉल व्हिएलने फ्रान्ससाठी बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ साली लेबेल रायफल आली. ब्रिटिशांची .३०३ लागोपाठ १८८८ सालची. बारीक नळी, चपळ गोळी आणि प्रचंड दाब, असा हा नवा मेळ होता, आणि त्या वेगाला उघडे शिसे कमी पडते हे खरेच आहे. पण या निर्णयामागे आणखी एक गरज होती, आणि तिची चर्चा फार होत नाही. लष्कराला एकच गोळी लाखो रायफलींत चालवायची होती. एका रायफलीची नळी नवी, दुसरीची झिजलेली, तिसरीची युद्धाच्या घाईत ढिल्या मापाने कातलेली. काडतूस मात्र सर्वांना एकच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथे बनलेले .३०३ चे काडतूस वायव्य सरहद्दीवर कोणत्या शिपायाच्या हाती पडेल आणि त्याची नळी किती झिजली असेल, हे खडकीतल्या कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. आवरण हे अशा अनोळखी नळ्यांवरचे उत्तर होते. घरी गोळी ओतणाऱ्यापुढे हा प्रश्नच नसतो. त्याच्याकडे एकच रायफल असते, आणि ती त्याला हवी तितकी मोजता येते.

.३०३ म्हणजे महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री. तिच्या नळीचा इतिहास या मुद्द्यासाठी फार उपयोगाचा आहे. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीत सात उथळ, गोलसर खाचा होत्या. काळ्या दारूची काजळी त्यांत साचू नये म्हणून त्या तशा केल्या होत्या. मग दारू बदलली. कॉर्डाइट आले, त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, आणि त्याच्या झळीने ते उथळ पीळ भराभर झिजून गेले. म्हणून १८९५ साली खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचांची एन्फिल्ड नळी आली. नळीचा आतला व्यास, म्हणजे पिळांच्या माथ्यावरून घेतलेले माप, ७.७० मिलिमीटर. खाचांच्या तळातून घेतलेले माप कागदावर सुमारे ७.९५, पण प्रत्यक्षात रायफलीगणिक ते ७.९० पासून ८ मिलिमीटरच्या पुढेपर्यंत सापडते. फरक माणसाच्या केसाच्या जाडीएवढा, पण शिशाच्या गोळीचे सगळे भवितव्य त्या केसावर ठरते.

अशा उधळलेल्या मापांच्या नळ्यांत सैनिकी गोळी नीट कशी चालत होती? १९१० सालच्या मार्क ७ गोळीचा व्यास सुमारे ७.९० मिलिमीटर होता, म्हणजे बहुतेक नळ्यांना ती सैलच. पण तिचे आवरण टोकाकडून चढवलेले, तळ उघडा आणि तिथे आतले मऊ शिसे दिसते. दारू पेटली की दाब त्या उघड्या तळावर बसतो, शिसे फुलते, बरोबर आवरणाचा घेरही फुलतो आणि फट बुजते. मिनिएची युक्तीच साठेक वर्षांनी तांब्याच्या सदऱ्यात परत आली, असे म्हटले तरी चालेल. आता याच नळीत घरी ओतलेली, त्याच ७.९० मापाची, अँटिमनी घालून खूप कडक केलेली गोळी घाला. ओतीव गोळीसाठी काडतुसात दारू बेताची असते, त्यामुळे दाब सैनिकी काडतुसापेक्षा पुष्कळ कमी. गोळी कडक, दाब कमी, म्हणून ती फुलत नाही. फट उघडीच राहते. त्या फटीतून तापलेला वायू गोळीच्या कडेने पुढे निसटतो, जाताना धातूचे कण खरडून नेतो आणि नळीच्या थंड पृष्ठभागावर लिंपतो. मालकाला दिसतो तो शिशाचा थर. त्यावरून तो ठरवतो की गोळी अजून मऊ आहे, आणि पुढच्या वेळी आणखी अँटिमनी घालतो.

यावर पुष्कळ जण म्हणतात की हे सगळे ठीक, पण एवढ्या उष्णतेत शिसे वितळणारच. शिशाचा वितळणबिंदू ३२७ अंश सेल्सिअस, दारूच्या ज्वाळेचे तापमान त्याच्या कित्येक पट, तेव्हा वितळण्याचा तर्क सरळ वाटतो. पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. गोळी नळीत असते ती सेकंदाचे दोन-एक हजारांश. तेवढ्यात उष्णता धातूच्या आत शिरायला सवड मिळत नाही. नळीसमोर पडलेला तो न जळालेला कागद हेच सांगतो. शिवाय घर्षणाने शिसे वितळत असते तर थर नळीच्या शेवटाकडे जाड व्हायला हवा होता, कारण वेग तिथे सर्वांत जास्त असतो. पण थर अनेकदा काडतुसाच्या खोलीलगत, नळीच्या सुरुवातीलाच सापडतो, म्हणजे जिथे गोळी अजून पिळांत नीट बसलेली नसते आणि वायूला वाट मोकळी असते तिथे. शेवटाकडे थर सापडतो तेव्हा बहुधा गोळीवरचे वंगण संपलेले असते. तो वेगळा आजार आहे. आणि सर्वांत ठोस पुरावा मिश्रधातूंचा. लायनोटाइप म्हणजे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. हे मिश्रण सुमारे २४० अंशांनाच वितळते, शुद्ध शिशाच्या कितीतरी आधी. वितळणे हेच कारण असते तर लायनोटाइपच्या गोळीने नळी जास्त घाण करायला हवी होती. अनुभव नेमका उलटा आहे, आणि कडक मिश्रणाचे समर्थक स्वतःच तो अनुभव मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात.

हाच अनुभव ते आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मांडतात, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. लायनोटाइपची कडकता ब्रिनेल मापावर बाविसाच्या आसपास, शुद्ध शिशाची पाचाच्या. मऊ मिश्रण टाकून लायनोटाइप ओतले आणि नळी स्वच्छ राहू लागली, असे कोणी सांगितले तर ते खरे मानावे. पण या बदलात कडकपणाबरोबर आणखी एक गोष्ट बदललेली असते आणि ती बहुधा कोणी मोजलेली नसते. शुद्ध शिसे थिजताना बऱ्यापैकी आकसते. अँटिमनी घातले की आकसणे कमी होते. छापखान्याचे खिळे पाडणारे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण वापरत ते याच कारणाने. निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या देवनागरी टाइपाचे नाव सगळीकडे झाले. अशा टाइपाला अक्षराची कड साच्याबरहुकूम उठावी लागते आणि प्रत्येक खिळ्याची उंची सारखी भरावी लागते. तोच गुण गोळीतही उतरतो. एकाच साच्यातून मऊ शिशाची गोळी बारीक पडते आणि लायनोटाइपची जाड. म्हणजे ज्याने मिश्रण कडक केले त्याने नकळत गोळीचा घेरही वाढवला. फट बुजली ती घेराने, श्रेय मिळाले कडकपणाला. दोन कारणे एकदम बदलून एकाच कारणाला निकाल देणे ही चूक कुठल्याही प्रयोगशाळेत पकडली जाते. इथे ती इतकी वर्षे टिकली, कारण साच्यावर कोरलेले माप हेच गोळीचे माप असते असे लोक धरून चालतात.

मोजणेही दिसते तितके सोपे नाही. रीत अशी: तेल लावलेल्या, रिकाम्या आणि सोडवून घेतलेल्या नळीतून शुद्ध शिशाचा एक गोळा हलक्या हाताने ठोकत आरपार न्यायचा. बाहेर आलेल्या तुकड्यावर नळीच्या आतले माप उमटलेले असते. अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलीच्या चार खाचांत समोरासमोर खाचा येतात आणि साध्या मायक्रोमीटरने त्या तुकड्याचा व्यास कळतो. एन्फिल्डला खाचा पाच. त्यामुळे तुकड्यावर एका उंचवट्याच्या बरोबर समोर दुसरा उंचवटा नसतो, खळगा असतो. मायक्रोमीटरच्या सपाट जबड्यांत तो धरला तर माप कमी भरते, आणि माणूस समाधानाने सांगतो की आपली नळी ७.९० ची आहे. त्यासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आधाराचे मायक्रोमीटर लागते, किंवा तुकड्याभोवती माहीत असलेल्या जाडीची पातळ पत्री गुंडाळून घेर मोजावा लागतो. विषम खाचांमुळे झालेली ही एक चूक किती चांगल्या रायफलींच्या माथी ‘ओतीव गोळी मानवत नाही’ असा शिक्का मारून गेली असेल, याचा अंदाज करवत नाही.

आता फिरकीचा आक्षेप. तो गंभीर आहे आणि अंशतः खरा आहे. .३०३ च्या नळीतला पीळ दहा इंचात एक फेरा घेतो. सेकंदाला ५५० मीटर वेगाची ओतीव गोळी त्यातून मिनिटाला सुमारे १,३०,००० फेऱ्यांच्या गतीने बाहेर पडते. स्वीडनच्या ६.५ मिलिमीटर माउझरचा पीळ २०० मिलिमीटरला एक फेरा. त्याच वेगाला तिथे फिरकी १,६५,००० होते, आणि ती रायफल ओतीव गोळीला अवघड जाते हे सर्वमान्य आहे. त्यावरून निष्कर्ष काढतात की एका ठरावीक फिरकीपुढे शिसे टिकत नाही, माप कितीही जुळवा. पण हिशेब मांडून पाहिला तर वेगळे दिसते. समजा, गोळीचा भारमध्य तिच्या मधल्या रेषेपासून इंचाच्या हजाराव्या भागाने, ०.०२५ मिलिमीटरने सरकलेला आहे. नळीत असताना तो रेषेभोवती फिरतो. नळी सुटताच स्पर्शरेषेने बाजूला जाऊ लागतो. बाजूचा हा वेग आणि पुढचा वेग यांचे गुणोत्तर काढताना गोळीचा वेग वर-खाली कटून जातो. उरतो तो फक्त सरकलेला भारमध्य आणि पिळाची लांबी. एन्फिल्डमध्ये एवढ्या दोषाने शंभर मीटरवर गोळी सहा सेंटिमीटरांहून थोडी जास्त हटते, स्वीडिश माउझरमध्ये सुमारे आठ, आणि बावीस इंचात एक फेरा घेणाऱ्या मार्टिनी-हेन्रीत जेमतेम तीन. म्हणजे जलद पीळ दोष निर्माण करत नाही, असलेला दोष मोठा करून दाखवतो. दोष मुळात येतो तो गोळी पिळांत तिरकी शिरल्यामुळे किंवा शिरताना एका बाजूला दबल्यामुळे, आणि ते रोखणे हे मापाचेच काम आहे. दाब फार वाढवला तर मऊ गोळी स्वतःच्या जडत्वाने मागे दबून बसते, तेव्हा कडकपणाची खरी गरज लागते, हे मान्य. पण तो मुद्दा माप जुळल्यानंतरचा.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी आयुष्याची बरीच वर्षे या प्रश्नांवर घालवली आणि १९०९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडल्या. गोळीचे टोक बिघडवले तर नेमावर फारसा परिणाम होत नाही, तळाची कड बिघडवली तर गोळी भरकटते, असे त्यांना आढळले. तळ ही गोळीची शेवटची कड, नळी सोडताना वायू तिलाच भिडतो. एका बाजूने ती खरडलेली असेल तर धक्का वाकडा लागतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच गोळीच्या तळाला तांब्याची छोटी वाटी बसवण्याची पद्धत आली, ती ही कड वाचवण्यासाठी. वाटीने शिसे कडक होत नाही, वायू अडतो. एवढ्या साध्या वाटीने मऊ मिश्रणांनाही बराच जास्त वेग पेलता येतो, हे माझ्या मताला भक्कम आधार देते.

मापाचा आग्रह धरताना त्याची मर्यादाही सांगायला हवी, कारण इथे चूक जिवावर बेतते. गोळी जाड केली की काडतुसाच्या पुंगळीचे तोंड फुगते. रायफलीच्या खोलीत त्याला सैल होऊन गोळी सोडायला जागा उरली नाही तर दाब धोकादायक वाढतो. दुसरा धोका हलक्या भरण्याचा. मोठ्या सैनिकी पुंगळीत दारू थोडीच असल्याने चुकून दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही, कळत नाही, आणि नळी फुटते. तिसरा धोका शिशाचाच आहे. वितळलेल्या शिशाच्या वाफेची भीती लोकांना असते, पण नेहमीच्या तापमानाला तिच्याहून जास्त नुकसान करते ती मळी काढताना उडणारी भुकटी, हातावरून तोंडात जाणारी. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे स्वयंपाकघराच्या आसपास हे काम करूच नये. भारतात तर हा प्रश्न कायद्यानेच मिटवलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे, आणि .३०३ ही लष्करी मापाची रायफल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याच्यासाठी सरकारी कारखान्यांनी .३१५ ची रायफल काढली. त्यामुळे आपल्याकडच्या वाचकासाठी हा विषय धातू, दाब आणि मापे समजून घेण्याचा आहे, आणि तेवढ्यासाठीही तो पुरेसा समृद्ध आहे.

माझे म्हणणे खोटे पाडता येईल अशी चाचणी आखणे कठीण नाही. एकच रायफल, एकच दारू, एकच वंगण. मऊ आणि कडक अशी दोन मिश्रणे घ्यावीत. प्रत्येकातून दोन मापांच्या गोळ्या कराव्यात, एक खाचांच्या मापापेक्षा बारीक आणि एक किंचित जाड. साच्याच्या मापावर विसंबू नये; चारही प्रकार थिजल्यावर मोजून, गरज पडल्यास साच्याबाहेर दाबून नेमक्या व्यासाला आणावेत. हलक्या भरण्याला मऊ-जाड गोळी कडक-बारीक गोळीपेक्षा नळी जास्त घाण करू लागली, तर कडकपणाचे समर्थक बरोबर ठरतील.